घर होतं ती जागा

टेक्सासमधल्या अर्विंगच्या इंडियन ग्रोसरीत बिलिंगच्या लाइनीत माझ्या पुढे एक काकू आणि त्यांची पुतणी उभी होती.

"इशिता, काल एवढा उशीर का गं?"

"आमच्या कंपनीची कोळशाची खाण बंद झाली ना, ती जमीन मूळ मालकाला दाखवायची होती. आम्ही खड्डा बुजवला, वरची माती वेगळी राखून ठेवली होती ती परत पसरली, गवत लावलं. एकदम हिरवंगार झालंय, काकू."

"खूश झाला असेल."

"खूप म्हातारे आहेत. म्हणाले, आमचं घर होतं तिथे ने. जीपीएस बघून बरोबर त्याच जागी उभं केलं त्यांना."

"मग?"

"म्हणाले, ही ती जागा नाही. घरातून ओढा दिसायचा."

"ओढा कुठे गेला?"

"तोही नवीन खणलाय. दुसऱ्या बाजूने."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, थोडं पुढे असेल. ते चालतच राहिले. अंधार पडला तेव्हा मीच हात धरून गाडीत बसवलं."

लाइन पुढे सरकली, काकू तिथेच उभ्या.

"काकू, ट्रॉली पुढे घ्या ना."

"तुझ्या त्या जीपीएसवर आपलं चंद्रपूरकडचं घर दिसेल का गं? खाणीत गेलेलं?"

"काकू, तिथे अजून नुसता खड्डा आहे."

"असू दे. दाखव."