नासलेलं दूध आणि अनसूयाआत्या

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा हं! देवापुढं हात जोडले की काय सांगता? उपास केला, अभिषेक केला — आणि जे बिघडलं ते? ते कुठं ठेवता?

उत्तराची घाई नको. आधी देवरुखच्या हेमांगीची गोष्ट ऐका!

पोरगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. आई लहानपणीच गेली, अनसूयाआत्यानं वाढवलं. कॉलेजातल्या मॅडमना सुट्टीत संशोधनाला मदत करायला एक विद्यार्थी हवा होता. विषय कुठला? दूध आंबतं कसं! आणि हेमांगीला त्याचंच वेड! विरजणाशिवाय, मिरचीच्या देठांवर दही लावायची. एकदा लागायचं, चारदा नासायचं. आत्या ओरडायची, "अगो, म्हशीनं तुझ्या एकटीसाठी दूध दिलंय का?"

मुलाखत ठरली. तयारी कोण करून घेणार? आत्या! गावातल्या निम्म्या पोरींची लग्नं तिनं जमवलेली. तिला मुलाखत म्हणजे बघण्याचा कार्यक्रमच! "मान खाली ठेव. विचारतील तेवढंच बोल. आणि त्या नासलेल्या दुधाबद्दल चकार शब्द काढू नकोस! बिघडलेलं कुणी पाहुण्यांपुढं ठेवतं का?"

"पण आत्या, का नासतं तेच तर मला—"

"गप!"

हसताय? हसा! तुमच्या घरी दुसरं काय चालतं हो?

झालं! मॅडमनी विचारलं, पोरीनं पाठ केलेलं घडाघडा म्हटलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "स्वतः काही करून बघितलंस? फसलं असलं तरी चालेल." अहो, अगदी जिभेवर आलं होतं! पण मान खाली गेली. "नाही मॅडम. काहीच नाही."

जागा दुसरीला मिळाली. मॅडम म्हणाल्या, "हुशार आहेस गं. पण मला स्वतः धडपडलेलं कुणीतरी हवं होतं."

घरी येऊन पोरीनं आत्याला सगळं सांगितलं. रडली नाही, रागावलीही नाही. आत्या म्हणाली, "माझं ऐकलंस गो... कशाला ऐकलंस!" दुसऱ्या दिवशी आत्यानं आपणहून दुधाचं पातेलं पुढं केलं, देठसुद्धा खुडून ठेवले. "लाव गो, आज लाव."

हेमांगी म्हणाली, "राहू दे आत्या. उगाच नासेल."

मंडळी, दूध नासलं तर म्हैस उद्या पुन्हा देते. पोरीची हौस नासली, ती कुठून आणायची? आत्या वाईट होती का हो? जीव टाकायची पोरीवर! आणि तरी हे झालं. आज घरी जाल, तेव्हा पोराला काय जमलं ते विचारू नका. काय फसलं ते विचारा — आणि मधे बोलू नका! देव आपलं तसंच तर ऐकतो. चला, उचला टाळ, आणि आज त्याला निदान एक तरी बिघडलेलं सांगा.