मामाजींची गाठ

माझा हा समोरचा अर्धा दात पाहून राहिले ना, हा मोटरबोटीनं तुटला.

मित्राची बोट घेऊन मी सासऱ्यांले कन्हान नदीवर फिरवाले नेलं. मामाजीच म्हणतो मी त्यांले. ते खाप्याचे, जन्म हातमागावर गेलेला. नदीच्या मधोमध मोटरच्या कव्हरचे दोन्ही खटके ढिले झाले. कव्हर नुसतं खडखडून राहिलं होतं. आता पाण्यात जाते का काय, म्हणून माझा जीव खालीवर.

"थांबा, मी बांधतो," मामाजी म्हणाले. त्यांनी सुताची दोरी अशी आवळली का कव्हर हलेच ना.

पाच मिनिटांत कव्हरखालून धूर निघाला. बाजूले पेट्रोलची टाकी, आणि मले पोहता येत नाही. मोटर बंद केली, तरी धूर थांबेना. कव्हर उघडाचं होतं, पण गाठ सुटेना. सुरी कोणाजवळच नव्हती.

"मामाजी, तुमची गाठ आहे, तुम्हीच सोडा ना. काहून पाहून राहिले नुसते?"

"जवाईबापू, मागावर तुटलेला धागा जोडाले गाठ मारतात," ते शांतपणे म्हणाले. "चाळीस वर्षं मारल्या. सोडाची कशी, ते मले नाही माहीत."

मंग मीच दोरीले दात लावले.