चौतीस मार्कांचा खुनी

खुनाच्या खटल्याचा निकाल द्यायची वेळ माझ्यावर एकदा आली होती, तीही मुलाच्या परदेशातल्या, हूफडॉर्पच्या घरात, सोफ्यावर बसून. तिकडच्या कोर्टात ज्युरी नसते, पण त्याच्या भल्यामोठ्या टीव्हीवर एका खटल्याची इंग्रजी मालिका लागायची, तिच्यात बारा ज्युरर होते. शेवटच्या भागात, निकालाआधीच्या जाहिराती लागताच सुनेने घरातही मतदान घेतलं.

आमची ही म्हणाली, "खुनी." सून म्हणाली, "निर्दोष." मुलाने अंग काढून घेतलं, "बाबा ठरवतील."

मालिका खोटी हे ठाऊक असूनही मी कागद-पेन घेतलं. चाळीस वर्षं पेपर तपासले होते, म्हणून पुराव्यांना मार्क दिले. पस्तीस झाले तर गुन्हा सिद्ध. बेरीज आली चौतीस.

"मग द्या एक ग्रेस," ही म्हणाली, "जन्मभर वाटलेत."

"अगं, आजवर ग्रेसने पोरं सुटली. इथे ग्रेस दिला तर माणूस आत जाईल!"

"बाबा, जाहिराती संपल्या!" सून ओरडली.

मी घाईने पुन्हा बेरीज करायला घेतली. तेवढ्यात पडद्यावर ज्युरीचा प्रमुख उठला आणि म्हणाला, आम्हाला काही ठरवता येत नाही.

हिने सावकाश माझ्याकडे पाहिलं.

"अहो, तिथे बाराही खुर्च्यांवर तुम्हीच बसला होतात का?"