तात्या दार का लावायचे

जय भीम. सगळ्यांना जय भीम.

आत्ताच आपण त्रिसरण-पंचशील घेतलं. आता दोन शब्द बोल, असं मंडळाच्या लोकांनी मला सांगितलंय. दोन शब्दांत माझं भागणार नाही, हे आधीच सांगते. ज्यांना सेकंड शिफ्ट आहे त्यांनी खुशाल उठून जावं. मला राग येणार नाही. म्हणजे येईल, पण मी बोलून दाखवणार नाही.

बोलणं जड जातंय. बाप गेला म्हणून जातंय, ते आहेच. पण समोर तुम्ही बसलात म्हणूनही जातंय. गेल्या रविवारी काय झालं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तरी आज एवढी माणसं आलात. विहाराबाहेर पत्र्याच्या सावलीत बायका उभ्या आहेत. आलात, त्याबद्दल तुमचे उपकार मानते.

तुम्ही सगळे माझ्या वडिलांना मिलिटरीतात्या म्हणायचात. तोंडावर. मागे काय म्हणायचात तेही मला माहीत आहे. तुर्भ्याची ही वस्ती वसली तेव्हापासून आम्ही इथे आहोत आणि इथल्या भिंती पत्र्याच्या आहेत, सगळं ऐकू येतं. 'मिलिटरीत कसला, हमाल होता.' 'कंपनीच्या गेटवर वॉचमन आणि ऐट कर्नलची.' आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, 'ज्यानं स्वतःच्या बायकोला खांदा दिला नाही, तो कसला माणूस.'

खरं आहे. नाही दिला. माझी आई गेली तेव्हा तात्या दारात उभे होते. सुरेश, माझा भाऊ, त्यांना म्हणाला, "तात्या, चला." तात्या म्हणाले, "तुम्ही न्या." एवढंच. आई गल्लीच्या बाहेर गेली आणि तात्यांनी दार आतून लावून घेतलं. त्या दिवशी मी त्यांच्यावर इतकी चिडले की महिनाभर त्यांना भाकरी वाढली, पण एक शब्द बोलले नाही.

आणि नुसती आई नाही. वस्तीत कुणाचंही मयत झालं, की तिरडी आमच्या दारावरून जायची आणि आमचं दार बंद व्हायचं. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. बाबूरावमामा, तुम्ही जास्त पाहिलंय. तुमचा विनायक कंपनीत वाफेनं भाजून गेला, चोवीस-पंचविशीचा पोरगा. अख्खी वस्ती रस्त्यावर होती आणि आमच्या दाराची कडी वाजली. तुम्हाला ती ऐकू गेली. मामा, बाप म्हणून तुम्हाला काय वाटलं असेल, ते मला कळतं.

मग मी एके दिवशी ठरवलं, हा माणूस नक्की कुठे होता ते शोधायचंच. घरी विचारून काही उपयोग नव्हता. लढाईचं काढलं की तात्या म्हणायचे, "ब्रह्मदेशात होतो. पाऊस फार होता." दरवेळी हेच. युद्धावर गेलेला माणूस, आणि सांगायला काय, तर पाऊस. मिलिटरीच्या ऑफिसला पत्र टाकलं. उत्तर आलं, अमुक साली भरती, अमुक साली सुट्टी, वर्तन चांगलं. वर्तन चांगलं, हे मला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

शेवटी आमच्या गावच्या एका लग्नात कळलं, की तात्यांच्या पलटणीतले गंगारामकाका अजून जिवंत आहेत. चिपळूणच्या अलीकडे एका खेड्यात राहतात. मी हॉस्पिटलात नर्स आहे, तुम्हाला माहीत आहे. दोन रजा टाकल्या आणि एसटीनं गेले. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे जाते.

गंगारामकाका ओटीवर बसले होते. दिसत नाही त्यांना आता. मी कुणाची मुलगी ते सांगितलं, तर कितीतरी वेळ माझा हात सोडेनात. मग म्हणाले, "बाय, तुजा बापूस बंदूक चालवायला गेला व्हता गो. त्याच्या हातात फावडं दिलानी."

ऐका. नीट ऐका. आमचे आजोबा गावकीचं काम करायचे. मेलेलं ढोर ओढून न्यायचं, कुणी मेलं तर गावोगाव सांगावा घेऊन जायचं. आजोबांच्या हातातला तो दोर आपल्या हातात यायला नको, म्हणून तात्या पळून जाऊन भरती झाले. आणि तिकडे रानात माणसं मरायला लागली, ती उचलायची कुणी, असा प्रश्न आला. तेव्हा आपल्याच देशातलं कुणीतरी म्हणालं, ही माणसं गावात मेलेली ढोरं उचलतात, ह्यांना जमेल. समुद्र ओलांडून गेला बिचारा, आणि दोर आधीच तिथे जाऊन बसला होता.

दोन पावसाळे तात्यांनी ते काम केलं. सरणाला कोरडं लाकूड नाही, म्हणून सगळ्यांनाच माती. कोण कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, चिखलात काय कळणार? काका सांगत होते, बाकीचे नाकाला फडकं बांधून भराभर उरकायचे. तात्या उरकायचे नाहीत. प्रत्येकाच्या तोंडावरचा चिखल पुसायचे. पाणी नसलं तर स्वतःच्या बाटलीतलं घ्यायचे. काका म्हणाले, "मी वरडायचो त्याला, पियाला काय ठेवशील? तर बोलायचा, ह्याच्या आयशीनं ह्याला असा बघितला तर?"

मी नर्स आहे. मीही मेलेल्या माणसांची तोंडं पुसते. ड्युटीवरून आले की तात्या मला रोज विचारायचे, "आज कुणी गेलं का?" हो म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला, "जवळ कोणी होतं का त्याच्या?" मला वाटायचं, म्हातारपणचा चाळा आहे. त्या ओटीवर बसून मला पहिल्यांदा कळलं, हा चाळा कुठून आला.

पण हे ऐकूनही माझं कोडं सुटेना. इतक्या मायेनं परक्यांना माती देणारा माणूस आपल्या माणसांना खांदा का देत नाही? मी काकांना तसं विचारलं. ते सुनेला म्हणाले, हिला चहा आण. चहा आला, प्यायला, मग बोलले.

तात्यांनी ज्यांना माती दिली, त्यांत एक जण आमच्याच तालुक्यातला होता. वरच्या आळीतला, चांगल्या घरचा. लढाई संपली, दोघे मुंबईच्या बंदरात उतरले. तात्या काकांना म्हणाले, आधी त्याच्या घरी जाऊ, मग आपल्या. काका म्हणाले, अरे, सरकारची तार गेली असेल. तात्या म्हणाले, "तारेत काय कळतंय? पोराला कोल्ह्याकुत्र्यानं ओढला नाही, एवढं आयशीला कळायला पायजे." ज्या सांगाव्याच्या कामाला कंटाळून हा माणूस घर सोडून गेला, तोच सांगावा घेऊन स्वतःच्या पायानं चालत गेला. कुणी सांगितलं नव्हतं.

अंगणाच्या कडेला उभे राहिले. युनिफॉर्ममध्ये. आत पाऊल टाकायची सोय नव्हती, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्या पोराचे आईवडील ओसरीवर आले. तात्यांनी सगळं सांगितलं. कुठे पडला, कसा पडला, फार हाल झाले नाहीत. त्यातलं शेवटचं तेवढं खोटं होतं म्हणे. बापानं विचारलं, "माती कोणी दिलीन?"

तात्या म्हणाले, "मी दिली. ह्या हातांनी दिली."

त्यांना वाटलं, आता हा माणूस रडेल. आपल्याला बस म्हणेल. निदान पाणी तरी देईल.

तो म्हणाला, "तू? दुसरा कोण नव्हता काय तिथं?"

बस. एवढंच म्हणाला. आई पदर तोंडाशी धरून आत गेली. पुढे कळलं, त्यांनी भटजी बोलावून मेलेल्या पोराला शुद्ध करून घेतलं. ज्यानं आपल्या प्यायच्या पाण्यानं त्याचं तोंड पुसलं होतं, त्या माणसाचा हात लागला म्हणून.

परतीच्या वाटेवर नदी लागली. तात्या पाण्यात उतरले आणि वाळूनं हात घासत बसले. साल निघेपर्यंत घासले. काकांनी ओढून काढलं. वर येऊन म्हणाले, "गंग्या, आता ह्या हातानं कुणाच्या मयताला शिवायचा नाय." आणि शिवले नाहीत. पुढे आपण दीक्षा घेतली. तात्यांनी घरातले देव स्वतःच्या हातानं पाण्यात सोडले, सगळं सोडलं. पण त्या माणसानं अंगणात उभं करून जे डोक्यात घातलं, ते तेवढं राहिलं. आपला हात लागला तर मेलेलं माणूस बाटतं. आपल्या बायकोलासुद्धा त्यांनी त्या हातापासून लांब ठेवलं. आम्हाला वाटलं, प्रेम नाही.

मी परत आले. म्हटलं, "तात्या, गंगारामकाकांकडे गेले होते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "जेवलीस का त्याच्याकडं?" मी रडायला लागले. म्हटलं, तात्या, हे सगळं खोटं आहे हो, तुम्हीच आम्हाला शिकवलंत. तर म्हणाले, "मला कळतं गं. हाताला कळत नाही." आणि मला गळ घातली, मी आहे तोवर वस्तीत बोलू नकोस. कीव नको होती त्यांना. मी गप्प राहिले.

शेवटच्या आजारात एकदाच विचारलं, "शैला, मला खांदा देतील का गं?" मी म्हटलं, देतील, का नाही देणार?

गेल्या रविवारी एका खांद्याला सुरेश होता. दुसऱ्याला माझे मिस्टर. तिसऱ्याला शेजारचे पवारकाका. चौथ्या खांद्याला कोणी नव्हतं. म्हणजे माणसं होती. गल्ली भरून माणसं होती. बाबूरावमामा म्हणाले, "ज्यानं कुणाला दिला नाही, त्याला कशाला द्यायचा?" आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझ्या धाकट्या दिरानं कसाबसा बांबू धरला, त्याचा हात तर प्लास्टरमध्ये. तसंच निघालो. बेलापूर रोडला आलो तर एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला. पंजाबी होता की बिहारी, मला ठाऊक नाही. दिराच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "हम पकडते है." ट्रक तिथेच सोडून स्मशानापर्यंत आला. कोण गेलं, कुठल्या जातीचा, काही विचारलं नाही. तात्यांनी तरी कुठे कुणाला विचारलं होतं?

मला राग आहे. खोटं कशाला बोलू? तो जाईल तेव्हा जाईल. पण आज मी भांडायला उभी नाही. एक गोष्ट राहिलीय, तेवढी सांगते आणि बसते.

मामा, विनायकची तिरडी आमच्या दारावरून गेली, तेव्हा तुम्ही बाहेर होता. मी आत होते. तुम्ही कडी ऐकलीत. कडी लावल्यावर काय झालं, ते मी पाहिलं. तात्यांनी पायातल्या चपला काढल्या. खुंटीवरची टोपी घेतली, घातली. बंद दाराकडे तोंड करून टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट केला. तुमचा आक्रोश लांब गेला, तरी हात खाली येईना. मग मला हळूच विचारलं, "पोराचं तोंड पुसलं होतं का गं कुणी?"

मी म्हटलं, हो तात्या. त्याच्या आईनं पुसलं.

तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतला.

दर मयताला हेच. माझ्या आईलाही. मला तेव्हा वाटायचं, मिलिटरीची सवय आहे. ह्या वस्तीतून गेलेलं एकही माणूस तात्यांच्या सॅल्यूटशिवाय गेलेलं नाही. फक्त मध्ये दार होतं.

आता आपण उभं राहू. तात्यांसाठी, आणि त्यांनी त्या चिखलात ठेवलेल्या सगळ्यांसाठी, विनायकसाठी, माझ्या आईसाठी. मामा, तुम्हाला उठवत नसेल तर बसून राहा, माझं काही म्हणणं नाही. विहाराची दोन्ही दारं मी मुद्दाम उघडी ठेवायला सांगितली आहेत. चपला आपल्या सगळ्यांच्या बाहेरच आहेत.

उठा. दोन मिनिटं कोणी बोलू नका.