अमीनसाहेबांच्या पिस्तुलाची मूठ

पिस्तुलाची मूठ मी जन्मात एकदाच केली, आन् तवाच गळ्याशी आलं होतं. निजामाचं राज होतं, मी पेडगावात सुतारकी करायचो. एक दिवस परभणीच्या अमीनसाहेबांचा, म्हंजी तवाच्या फौजदाराचा शिपाई आला. सुपाएवढे पंजे असलेला गडी. साहेबांच्या जुन्या सहाबारी पिस्तुलाची लाकडी मूठ फुटली होती. म्हणला, "शिसवाची नवी बसवा. साहेब सोता न्यायला येणार हायत."

मी सुतळीनं त्याच्या पंज्याचं माप घेतलं. त्यानंबी गुमान हात पुढं केला. शिसव तासलं, कानशीनं घासलं, जवसाचं तेल पाजलं. मूठ लय झाक झाली.

साहेब आले. हात लेकराएवढा. पिस्तूल धरलं तर बोट चापापतुर पोचंना. दोन्ही हातांनी धरलं तर नळी खालीच झुकायली. समदं गाव बघायलंय.

"ये किसके हात का नाप है?"

माझ्या तोंडातून खरं तेच गेलं. "साहेब, नांगर पाटलाचा असतो, पर मुठीचं माप आमी सालगड्याच्या हाताचं घेतो. काम त्यालाच करायचं असतंय."

साहेबांनी शिपायाकडं बघितलं. शिपाई आभाळाकडं बघायला लागला. मग साहेबांनी पिस्तूल त्याच्या हातात दिलं.

तवापासून बाजारात साहेब पुढं चालायचे आन् पिस्तूल घेऊन शिपाई मागं. सलाम मातर लोक मागच्यालाच करायचे.