बंद इंजिनाचा अर्ज

विषय : रत्नागिरीच्या सरकारी शेतावरील पाण्याच्या बंद इंजिनाने सखाराम खलाशाचा हात मोडल्याबाबत.

मंडळी, शेताच्या कचेरीतला कारकून म्हणून कागदावर हे असेच मी लिहिले होते. इंजिन गंजून अडकले होते. "परवानगी येईलच, तू सुरू कर," असे बोटीवर इंजिने हाताळणाऱ्या, तेव्हा रजेवर गावी आलेल्या सखारामला म्हणालो तोही मीच. त्याने सिलिंडरात रॉकेल ओतून चार दिवस ठेवले, मग चाकात पहार घालून जोर लावला. दट्ट्या एकदम सुटला, चाक फिरले आणि पहारेने त्याचा उजवा हात चिरडला. बोटीवरची नोकरी गेली.

त्याने भरपाई मागितली. साहेब म्हणाले, "दप्तरी इंजिन बंद आहे. बंद इंजिन हात कसा मोडील?"

"सायेब, मीच तर सोडवलंय त्याला!"

"परवानगी दाखव."

ती आली नव्हती. पुढे मी निवृत्त झालो, सखाराम वारला. अर्ज विचाराधीन आहे.