विश्वाचं मूळ: पाणी की वाणी?

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे निरोपमूर्ती आमचे तत्त्वज्ञानाचे सर, त्यांचे कुटुंबीय आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या सभ्य स्त्री-पुरुषहो,

ज्या दिवशी सरांनी मला वर्गाबाहेर काढलं, त्या दिवशी माझं सगळंच बदललं. कॉलेज अर्ध्यावर सुटलं आणि मी छापखान्यात लागलो. आज प्रकाशित झालेल्या सरांच्या नोट्सच्या ग्रंथाची अक्षरं मीच जुळवली. मालकांचा घसा बसलाय, म्हणून छापखान्यातर्फे बोलायला मला उभं केलंय.

ग्रंथात प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानाची ओळख आहे. आपण तो कपाटातच ठेवणार, म्हणून थोडक्यात सांगतो. थेलीस नावाच्या माणसाने देवांच्या गोष्टी बाजूला ठेवून विचारलं, हे सगळं आलं कशातून? म्हणाला, पाण्यातून. चुकला असेल, पण स्वतःच्या डोक्याने चुकला! त्याचा शिष्य मानला जाणारा अनॅक्झिमँडर म्हणाला, पाणी नव्हे, मूळ असं काही आहे ज्याला सीमाच नाही. गुरूने त्याला वर्गाबाहेर हाकलल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. पुढे हेराक्लिटस म्हणाला, त्याच नदीत दोनदा उतरता येत नाही. सरांच्या नोट्समध्ये मात्र तीस वर्षं उतरता आलं, त्याच पानावर, त्याच खोकल्यासकट!

त्या नोट्समध्ये 'विश्वाचे मूळ वाणी' असं होतं. कुणा टंकलेखकाने 'प'चा 'व' केलेला. मागच्या बाकावरून आवाज आला, "कोपऱ्यावरचा का हो?" मी उभा राहिलो. "सर, पाणी."

"आम्ही काय इतकी वर्षं गवत उपटत होतो?"

"पण सर, सॉक्रेटिस प्रश्नच विचारायचा ना?"

"म्हणूनच त्याला विष प्यावं लागलं. चालते व्हा."

वर्ग हसला. परीक्षेत 'वाणी' लिहिणारे झाडून सगळे पास झाले.

सरांची कन्या माझ्याच वर्गात होती. (अध्यक्षमहाराज, चिठ्ठी नको, आवरतोच.) जिन्यात मला म्हणाली, "पाणीच आहे रे, मला माहितीये." त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली. ग्रंथाची प्रुफं तपासायला तिच्याकडेच गेली. मी 'पाणी' करून पाठवलं आणि समासात पेन्सिलीने लिहिलं, "हे एक अक्षर राहू दे, म्हणजे मी घरी येऊन सरांशी आपल्या दोघांबद्दल बोलतो." प्रूफ परत आलं. पेन्सिल खोडलेली, आणि लाल शाईत, तुझ्याच अक्षरात, "वाणी. मूळ प्रतीबरहुकूम ठेवावे."

ठेवलंय. पान सात.

तुला बाबांना दुखवायचं नव्हतं, एवढं कळतं मला. मग आता सांग, इथे, सगळ्यांदेखत. पाणी की वाणी?

मान खाली. बरं.

सरांना उदंड आयुष्य लाभो. ऐकून घेतलंत, आभारी आहे. उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला, मीही पुष्कळ घातलंय. नाही, पुष्पगुच्छ नको. नको म्हटलं ना! जरा वाट द्या. दार मी ओढून घेतो, तुमच्या टाळ्या बाहेर ऐकू यायला नकोत.